मुरूम काढून नेलेल्या माळावर काय लावावं?

बार्शीरोडकर
नमस्कार मंडळी. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अलीकडं आमचा दीड एकर माळ आहे. ५ वर्षांपूर्वी वडिलांनी रस्त्याच्या कामाला मुरूम दिला, ठरलं होतं की वरची माती बाजूला ठेवून नंतर परत पसरायची, पण मुरमाबरोबर मातीपण टिपरमध्ये गेली आणि ठेकेदार फोन उचलायचा बंद झाला. आता पुरुषभर खड्डा, कडंला नुसती वेडी बाभूळ. मागच्या जूनला नर्सरीतनं १०० रोपं आणली, गुलमोहर, करंज, वड. टँकरनं पाणी घातलं तरी ७-८ राहिलीत. काय लावू?

माळावरचा
मुरमावर वड! हसलो, रागावू नका, मीपण हेच करून बसलोय. आपल्याकडं ६०० मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस, हा मुलूख मुळात गवताचा, म्हणून तर १९७९ ला माळढोकासाठी अभयारण्य तुमच्या शेजारी झालं. आधी उभ्या कडा उतरत्या करून घ्या आणि तळ रिपरनं (ट्रॅक्टरमागच्या लोखंडी दात्यानं) फोडा, टिपरच्या चाकांनी तो इतका दाबलेला असतो की मूळ आत शिरतच नाही. मग गवत लावा, पाणी साचतंय तिथं मारवेल, उतारावर कुसळी. पवन्या गवत लगेच येणार नाही, त्याला जरा मुरलेली जागा लागते. बी दिवाळीच्या सुमारास शेजारच्या चांगल्या माळावरनं ओरबाडून घ्या पण लगेच पेरू नका, ताजं बी झोपलेलं असतं, मृगापर्यंत पोत्यात ठेवा आणि शेणमातीत कालवून टाका नायतर वाऱ्यानं जातंय.

तळ्याकाठचा
एवढा कुटाणा कशाला, तलावातला गाळ आणून टाका आणि गिरिपुष्पाची (ग्लिरिसिडिया) झाडं लावा, वर्षात हिरवं.

माळावरचा
हिरवं होईल हो, पण गिरिपुष्प इथलं नाही आणि त्याच्या दाट सावलीत गवत मरतं. गाळ जाड टाकला की पहिलं काँग्रेस गवत उठतं. टाकायचाच तर झाडाच्या खड्ड्यापुरता.

धनगरवाडा
शेळ्यांचं कुणीच बोललं नाही! दोन पावसाळे चराई बंद ठेवा, नायतर सगळं पाण्यात. कडंनं तरवडाची झुडपं लावा, त्याला जनावर सहसा तोंड लावत नाही आन पाणीपण मागत नाही. त्याच्या आडोशाला बोर, हिवर आपोआप येतंय. कुसळी मात्र कोवळी असतानाच कापा, वाळली की मेंढ्यांच्या लोकरीत घुसती, आमचे लोक शिव्या देतील.

बार्शीरोडकर
पोकलेनवाल्याला विचारलं, कडा उतरवायला दोन दिवस म्हणतोय. एका कोपऱ्यात मार्चपर्यंत पाणी असतं, काळवीट येतात प्यायला. तो कोपरा बुजवायचा की तसाच ठेवायचा?

धनगरवाडा
बुजवू नका ओ. एका बाजूनं उतार द्या फक्त, मागं एक पाडस आत पडलं होतं आमच्याकडं.