मदत हवी आहे: वय 27, वजन 104 किलो, मांडी घालून बसलो की उठता येत नाही

नमस्कार मंडळी,

उंची 5 फूट 7 इंच. आयटीत काम, दिवसभर खुर्चीत. शुगर, बीपी, थायरॉईड सगळं नॉर्मल. त्यामुळे घरचे म्हणतात, खात्यापित्या घरचा आहे, झालंय काय त्याला!

परवा सत्यनारायणाला पाटावर बसलो होतो. आरतीला सगळे उभे राहिले. मी आधी एका कुशीवर कललो, मग दोन्ही हात टेकून रांगत्या बाळासारखा झालो आणि गुडघा धरून कसाबसा उठलो. तोवर 78 वर्षांचे आजोबा उठून टाळ्या वाजवायलाही लागले होते. (आरतीच्या. तरी लागलंच.) बुटाची नाडी बांधताना श्वास कोंडतो, जिना चढलो की गुडघे बोलतात.

डॉक्टर म्हणाले, "वजन कमी करा." ते मलाही कळतं हो. पण वजन उतरायला वेळ लागणार, तोवर उठण्याबसण्याचं काय? जिमवाला स्क्वॉट मार म्हणतो, आई म्हणते गुडघे जातील. कोणाचं ऐकू?

पावडरी, शेक आणि "माझ्या ओळखीचे एक कोच" कृपया नकोत. व्यनितूनही (खाजगी निरोपातूनही) नकोत.

चहाबाज: आईचं ऐका. रोज मेथ्या भिजवून खा.

गोदाकाठ: मी फिजिओथेरपिस्ट आहे. मेथ्या खा, पण त्यांनी पाटावरून उठता येणार नाही.

तुमचे पाय कमजोरच असतील असं नाही. वजनदार माणसाच्या मांड्यांत एकूण ताकद बऱ्याचदा जास्तच भरते. दर किलो वजनामागे मोजली की मात्र कमी पडते, आणि उठताना उचलायचं असतं सगळं अंग. त्यात पोट आडवं येतं, पुढे झुकता येत नाही. झुकल्याशिवाय भार पावलांवर येत नाही, म्हणून हात टेकावे लागतात.

स्क्वॉट म्हणजे लगेच खांद्यावर बार नव्हे. उंच, न हलणारी खुर्ची घ्या, हातांची छातीवर घडी, सावकाश उठा-बसा. 30 सेकंदांत किती जमतात ते लिहून ठेवा, आमची टेस्टही हीच असते. सोपं वाटलं की ठेंगणी खुर्ची, मग स्टूल, पाट सगळ्यात शेवटी. मांड्या भरून आल्या तर चालेल. गुडघा सुजला, अडकला किंवा जिना चढताना छातीत दुखलं तर थांबून डॉक्टरांना दाखवा.

वजनही सोबत उतरवाच. गुडघ्याची झीज झालेल्या वयस्कर, वजनदार लोकांवरच्या 2005 सालच्या एका अमेरिकन अभ्यासात 1 किलो घटलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण 4 किलोने उतरलेला दिसला. फक्त उपाशी राहू नका, चरबीसोबत स्नायूही झडतात. जेवणात डाळ, अंडी, पनीर वाढवा.

घोरता का? दिवसा पेंग येते?

धागाकर्ता: घोरतो. रूममेट हॉलमध्ये झोपायला गेलाय. दुपारच्या मीटिंगमध्ये डुलक्या तर ठरलेल्याच.

गोदाकाठ: मग छातीरोगतज्ज्ञांना किंवा कान-नाक-घसावाल्यांना भेटून स्लीप स्टडीचं (झोपेतल्या श्वासाच्या तपासणीचं) विचारा. झोपेत श्वास अडकत असेल तर दिवसभर अंगात जोर राहत नाही, व्यायामाला उभं राहणंही नको होतं. खुर्चीचा व्यायाम आजच सुरू करा, त्यासाठी रिपोर्टची वाट बघू नका.