झेपेल एवढंच ठरवलं आणि निभावलं: तुमचे अनुभव सांगा

मंडळी, मी एका कारखान्याच्या लेखा विभागात अकरा वर्षं काम करते. दर पाडव्याला मोठमोठे संकल्प करायचे: पहाटे पाचला उठायचं, तासभर योगासनं, शिवाय ऑफिसात सगळे ताळमेळ वेळच्या वेळी. जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की यातलं काहीच उरायचं नाही, आणि वर जिवाला लागून राहायचं.

तीन वर्षांपूर्वी एकच गोष्ट बदलली. संकल्प करताना आता मी माझा सगळ्यात वाईट दिवस डोळ्यांसमोर आणते. धाकट्याला ताप, मावशींचा खाडा, ऑफिसात ऑडिटर. त्या दिवशीही होईल एवढंच ठरवायचं. ऑफिसात दुपारच्या चहाआधी फक्त एका बँक खात्याचा ताळमेळ. आमची खाती सहा, म्हणजे शनिवारपर्यंत सगळी होतात, आणि मार्चमध्ये जुन्या न जुळलेल्या नोंदी उकरत बसावं लागत नाही. घरी पाच सूर्यनमस्कार. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात दुधाचा खाडा लिहिते, त्याच चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक खूण.

तुम्ही काय ठरवलंत, किती ठरवलंत, कुठे मोडलं, तेही सांगा. मोडलेलं वाचूनच मी जास्त शिकले आहे.

कोल्हापूरहून, निवृत्त शिक्षिका

निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरी अर्थासह वाचायची ठरवली. अठरा अध्याय, आठवड्याला एक, म्हणजे साधारण चार महिने, असा सरळ हिशोब. बारावा अध्याय अडीचशेच्या आतल्या ओव्यांचा, हा हा म्हणता झाला. तेरावा मात्र अकराशेच्या वर! तीन आठवडे त्यातच गेले, वेळापत्रक कोलमडलं आणि पोथी फडताळात गेली. अठराव्यात तर अठराशेच्या वर ओव्या आहेत, हे तेव्हा पाहिलंसुद्धा नव्हतं.

माझी चिकाटी कमी पडली असं मी वर्षभर धरून चालले होते. चुकलं होतं माप. अध्याय लहानमोठे, मग आठवडा सारखा कसा पुरणार? पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात केली, रोज 25 ओव्या. एकूण नऊ हजारांच्या थोड्या वर, म्हणजे साधारण एक वर्ष. सोबत एक नियम केला: बुडालेल्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी करायची नाही. आज 50 वाचायच्या म्हटलं की मन मागे सरतं, मग तिसराही दिवस बुडतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन बरेच दिवस थांबलं. मोरपीस ठेवलं होतं तिथूनच पुन्हा सुरू केलं. सगळं मिळून चौदा महिने लागले. पसायदानाशी पोचले तेव्हा नातीला हाक मारली, आणि आम्ही दोघींनी ते मोठ्याने म्हटलं.

बंगळुरूहून, संगणक अभियंता

आमच्याकडे दोन आठवड्यांचे स्प्रिंट असतात, म्हणजे तेवढ्या मुदतीत ठरवलेली कामं संपवायची. मी दहाच्या दहा दिवस कामाचे धरून कामं अंगावर घ्यायचो आणि शेवटचे दोन दिवस रात्री जागायचो. एकदा महिनाभर वेळ टिपून ठेवला. मीटिंगा, दुसऱ्यांचा कोड तपासणं आणि मध्येच उपटणाऱ्या तक्रारी सोडल्या तर स्वतःच्या कामाला दिवसाला साडेतीन तास मिळत होते. आता तेवढेच धरतो. वरून नवीन काम आलं की विचारतो, 'हे घेतो, यादीतलं कोणतं मागे ठेवू?' बहुतेक वेळा उत्तर मिळतं. घासाघीस होत नाही.

निफाड तालुक्यातून, द्राक्ष बागायतदार

आमची साडेचार एकर बाग. पूर्वी ऑक्टोबर छाटणी सगळीकडे एकदमच उरकायचो. लवकर मोकळं झाल्यासारखं वाटायचं. पण छाटणी एकदम म्हणजे पुढचं सगळंच एकदम: डोळे फुटावेत म्हणून काड्यांना पेस्ट लावणं, फेलफूट म्हणजे घड नसलेली फूट काढणं, डिपिंग म्हणजे घड संजीवकात बुडवणं, मण्यांची विरळणी. मजुरांच्या टोळ्या त्याच आठवड्यात साऱ्या गावाला हव्या. आणि फुलोऱ्यात पाऊस झाला तर अख्खी बाग गळकूज नि डावणी या रोगांना सापडते. एका वर्षी नेमकं तेच झालं. चिखलात ट्रॅक्टर शिरेना, औषध शेडमध्ये पडून, आणि बांधावर उभं राहून घड जाताना बघायचे.

तेव्हापासून तीन प्लॉट केले, प्रत्येकाच्या छाटणीत दहा-बारा दिवसांचं अंतर. आधी वहीत पहिल्या पानावर 'यंदा इतके क्विंटल' लिहायचो. पाऊस नि भाव माझ्या हातात नाहीत, म्हणून ते बंद केलं. आता छाटणीची तारीख आणि त्यापुढे कितव्या दिवशी कोणतं काम, एवढंच लिहितो.

घडांचंही तसंच. वेलीवर घड भरपूर दिसले की काढायला हात धजत नाही. पण सगळे ठेवले तर मणी फुगत नाही, साखर भरत नाही, व्यापारी भाव पाडून मागतो. चांगला दिसणारा घड कात्रीने काढून खाली टाकायला मला चार हंगाम लागले.

सासवडहून, वारकरी

साठीनंतर आळंदी ते पंढरपूर पायी चाललो. सुमारे अडीचशे किलोमीटर म्हटलं की पाय गळतात, पण दिंडीत पंढरपूर किती राहिलं असं फारसं कोणी विचारत नाही. विसावा कुठे, एवढंच विचारतात. पुणे ते सासवड, दिवे घाटाचा टप्पा मोठा दमवणारा. त्यानंतर माउलींची पालखी सासवडला दोन मुक्काम करते. अवघड दिवसानंतरची विश्रांती वेळापत्रकात आधीच धरलेली असते. घरीही मी आता लांब चालायचा वार ठरवतो तेव्हाच दुसऱ्या दिवशीची सुट्टी लिहून टाकतो.

लातूरहून, स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी

ताई, वाईट दिवसाचं माप सगळीकडे लागू पडत नाही. राज्यसेवेची तारीख आपली सोय बघत नाही. शेवटचे दोन महिने मला ताणावंच लागतं. पण किती प्रयत्न करायचे, हे पहिल्याच वर्षी ठरवलं: तीन. बाबांना समोर बसवून सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पण तेव्हापासून 'पुढे काय' असं एकदाही विचारलं नाही. तिसरा प्रयत्न यंदा आहे.

लातूरच्या दादा, तुमचं पटलं. तारीख दुसऱ्याने ठरवलेली असेल तर माझं माप अपुरं पडतं, मार्चमध्ये मीही ते बाजूला ठेवते. परीक्षा झाली की दोन ओळी नक्की लिहा, निकाल काहीही असो. बाकीच्यांनीही लिहा. चहा यायची वेळ झाली, माझं चौथं खातं राहिलंय.