चाळिशीनंतर कमर्शियल पायलट व्हायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न:
वय ४२, चष्मा आहे, रक्तदाबाची एक गोळी रोज चालू आहे. विमान कधी चालवलेलं नाही. एअरलाइनमध्ये जाणं या वयात जमेल का? पैसे भरण्याआधी काय तपासू?

प्रतिसाद १:
आधी क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र. ते हातात येईपर्यंत फ्लाइंग स्कूलला एक पैसाही देऊ नका. चष्म्याची धास्ती नको: चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची दूरची नजर ६/९ आणि दोन्ही मिळून ६/६ भरली की पुरते. चाळिशीनंतर खरी अडचण जवळचं वाचण्याची. मांडीवरचा चार्ट, हातभर दूरचं पॅनेल आणि लांबची धावपट्टी हे तिन्ही एकाच चष्म्यातून दिसायला हवं, म्हणून प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेत जवळचा, मधला आणि दूरचा नंबर) लवकर करून सवय लावा. जादा चष्मा कॉकपिटमध्ये हाताशी लागतोच.

रक्तदाबाच्या सगळ्या गोळ्या चालत नाहीत, आणि चालणाऱ्या गोळीवरही दाब आटोक्यात असावा लागतो. एव्हिएशन मेडिकल तपासनिसाला गोळीचं नाव आधीच सांगा. तपासणीपुरती गोळी बंद करणं किंवा आजार लपवणं मात्र अजिबात नको. पुढे उघड झालं तर लायसन्स धोक्यात येतं.

प्रतिसाद २:
वयाचा हिशोब उलटा मांडा. दोन पायलटांच्या आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणांसाठी मर्यादा ६५ वर्षांची आहे. प्रशिक्षण आणि नोकरीचा शोध वजा केला तर तुमच्याकडे साधारण वीस वर्षं उरतात. पण बऱ्याच एअरलाइनमध्ये मार्ग, सुट्ट्या आणि कॅप्टनपद सेवाज्येष्ठतेने ठरतं, म्हणजे वयाने लहान माणसं तुमच्या वर असतील. हे मनापासून मान्य असेल तरच पुढे जा.

कमर्शियल लायसन्स उड्डाणाच्या २०० तासांवर मिळतं (मान्यताप्राप्त सलग कोर्समध्ये १५०). एटीपीएलला, म्हणजे एअरलाइन कॅप्टनला लागणाऱ्या वरच्या लायसन्सला, १५०० लागतात. काही देशांत को-पायलटलाही १५०० तासांची अट आहे, तिथे मधले तास बहुतेक जण प्रशिक्षक होऊन भरतात. कुठल्या देशात नोकरी करायची, ते आधी ठरवा आणि लायसन्स तिथलंच काढा.

प्रश्नकर्ता:
नोकरी न सोडता फक्त शनिवार-रविवार उड्डाण केलं तर?

प्रतिसाद ३:
लेखी परीक्षांचा अभ्यास नोकरी करत नक्की होतो. नियम, हवामान, नेव्हिगेशन हे विषय आधी उरकून घ्या, फक्त निकालाची वैधता किती काळ आहे ते पाहा. उड्डाणाचं गणित वेगळं. आठवड्यातून एकदा उडणारा प्रत्येक वेळी पहिली वीस मिनिटं मागचंच उजळण्यात घालवतो, त्यात एक शनिवार ढगांनी आणि दुसरा विमानाच्या १०० तासांच्या तपासणीने गेला की लँडिंग पुन्हा बिघडतं. आठवड्याला किमान तीन उड्डाणं हवीत. तेव्हा सोलोपर्यंत (पहिल्या एकट्याने केलेल्या उड्डाणापर्यंत) शनिवार-रविवार चालवून पाहा, मात्र २०० तास असे भरायला जाऊ नका.

मोठ्या वयाचे विद्यार्थी बहुधा फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक हळूच वर उचलताना, अडकतात. नजर नाकासमोरच्या जमिनीवर खिळते, योक (विमानाचं स्टीअरिंग) जोरात ओढला जातो, विमान फुगून वर येतं आणि वेग संपतो. धावपट्टीच्या टोकाकडे बघा, ट्रिम (योकवरचा जोर हलका करणारी जुळवणी) नीट लावा, योक बोटांनी धरा. घरी खुर्चीत बसून चेकलिस्ट, हातांच्या हालचाली आणि रेडिओवरची वाक्यं मोठ्याने म्हणत रोज अर्धा तास सराव करा. याचा फायदा फार होतो.

प्रतिसाद ४:
पूर्ण फी आगाऊ भरू नका, टप्प्याटप्प्याने भरा. स्कूलमध्ये आज उडण्याजोगी विमानं किती, विद्यार्थी किती, बिल हॉब्ज मीटरवर की टॅकोवर (तास मोजणारी दोन वेगळी मीटरं), हे विचारा. हॉब्ज बऱ्याच विमानांत इंजिन चालू झाल्यापासून मोजतं, टॅको इंजिनाच्या फेऱ्या (आरपीएम) कमी असताना सावकाश चालतं. लॉगबुकमध्ये पायलट-इन-कमांडचे (विमानाची जबाबदारी तुमच्यावर असतानाचे) तास आणि ५४० किलोमीटरची क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दुसऱ्याकडे जाणारं लांबचं उड्डाण) वेगळी दिसायला हवी, सह्या त्याच दिवशी घ्या.

लायसन्सनंतरच्या रिकाम्या महिन्यांचा खर्चही बाजूला ठेवा. प्रवासी नेण्यासाठी ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग लागतात, शिवाय इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना फक्त उपकरणांवर उडण्याची परवानगी) चालू ठेवावं लागतं. मुलाखतीच्या सिम्युलेटर चाचणीत तुटलेला सराव लगेच दिसतो. टाइप रेटिंग (एका ठरावीक मोठ्या विमानाची परवानगी) स्वतःच्या पैशाने, ऑफर नसताना, करू नका.