गावपळणीला पाच महिन्यांचं बाळ घेऊन जावं का? (आचरा, मालवण)

आचऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. माझं माहेर सोलापूर, सासर आचरा आणि आम्ही राहतो ठाण्याला. लग्नानंतर पहिल्यांदाच गावपळण आलीये, कौल झाला, तारीख ठरली आणि सासूबाईंचा फोन, सगळ्यांनी यायचंच, नातवाला घेऊन. आधी मला वाटलं जत्रा असेल. तर नवऱ्याने सांगितलं की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री घरदार सोडून वेशीबाहेर झोपड्या बांधून राहतो, गुरं कोंबड्या कुत्री सगळं घेऊन, आणि गावात चिटपाखरू ठेवत नाहीत.

आता गंमत बघा. ह्याच सासूबाईंनी बाळंतपणात मला तिन्हीसांजेला खिडकीत उभं राहू दिलं नाही, बाळाच्या उशाखाली विळी, दुपट्याला बिब्बा, बाहेरून कोणी आलं की पाय धुतल्याशिवाय खोलीत यायचं नाही कारण बरोबर काय येईल सांगता येत नाही. आणि आता तेच बाळ थंडीत तीन रात्री माळरानावर!! मी हे बोलून दाखवलं तर म्हणाल्या "ते वेगळं, हे देवाचं आहे". शेजारच्या काकू तर म्हणाल्या की मागे एकजण विसरलेला कंदील आणायला गावात परत गेला तर त्याची वाचाच गेली. नवरा नुसता हसतो, सांगत काहीच नाही.

तर प्रश्न असा की हे नक्की आहे काय, न गेलं तर लोक वाईट धरतात का आणि एवढ्या लहान बाळाला कोणी नेलंय का? प्लीज चेष्टा करू नका, खरंच टेन्शनमध्ये आहे.

रापणकर
गो बाय, भियाचा काय एक कारण नाय. मी अंगावर पित होतंय तेवा आवशीन माका टोपलेत घालून वेशीभायर नेलेल्यान, वरसून घोंगडी. काय झाला माका? आज साठीक इलंय. भुतां फुतां मी काय बघूक नाय, पण पोरां शाळा नाय म्हणान नाचतत ता मातर दर पाळीक बघलंय. भुयेर पेंढो घाल, वर चटय, मगे बघ थंडी लागता काय.

वेंगुर्ल्याचा_पाव्हणा
रापणकर काकांनी अर्धं टेन्शन घालवलंच आहे, मी जरा सविस्तर लिहितो कारण माझं आजोळ आचऱ्यात.

गावपळण साधारण चार वर्षांनी येते पण कॅलेंडर बघून नाही, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल घेतात आणि देवाने हो म्हटलं तरच. शेजारी चिंदर आणि वायंगणीचीही असते पण त्यांची वर्षं वेगळी. तिकडे वैभववाडी तालुक्यात शिराळे म्हणून छोटा गाव आहे त्यांची तर दरवर्षी पौषात असते आणि ती जास्त दिवस चालते. म्हणजे हे तुमच्या सासूबाईंच्या डोक्यातलं खूळ नाही.

गोष्ट दोन प्रकारे सांगतात. एक म्हणजे गावात भुताखेतांचा त्रास फार वाढला, लोक देवाकडे गाऱ्हाणं घेऊन गेले, देव म्हणाला तुम्ही तीन दिवस बाजूला व्हा, मी बघतो त्यांच्याकडे. दुसरी माझी आजी सांगायची ती मला जास्त आवडते, की जागा मुळात त्यांचीच, आपण नंतर येऊन जंगल तोडून घरं बांधली, तेव्हा करार झाला की अधूनमधून तीन रात्री गाव त्यांना मोकळा द्यायचा. म्हणून आजी निघताना घरातली सगळी भांडी घासून पालथी घालायची, खळं झाडायची आणि म्हणायची पाव्हण्यांना घाणेरडं घर देऊ नये. कोणाची भीती वाटत असती तर इतकी स्वच्छता केली असती का हो?

प्रत्यक्षात काय होतं तर देवळातून इशारा झाला की दुपारपासून टेम्पो, रिक्षा, डोक्यावर गाठोडी अशी रांग लागते. वेशीवर आधीच झापांच्या झोपड्या उभ्या असतात, हल्ली ताडपत्र्या जास्त. वाडीवाडीची जागा ठरलेली. मग रात्रभर भजनं, फुगड्या, पत्ते, एका बाजूला क्रिकेट आणि जेवण सगळ्यांचं चुलीवर. मुंबईत राहून जे चुलत भाऊ एकमेकांचे फोन उचलत नाहीत ते एका चटईवर झोपतात. आचऱ्यातली मुसलमान कुटुंबंही बाहेर पडतात, हे बाहेरच्यांना सांगितलं की पटत नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल, देव हो म्हणाला की परत, नाही म्हणाला तर मुक्काम वाढतो. ही शक्यता धरून रजा टाका, ऑफिसला कौल समजावता येत नाही.

कंदीलवाल्याची गोष्ट प्रत्येक वाडीत आहे. आमच्याकडे तो कोंबडी आणायला गेला होता.

शंकेखोर
बाळ आहे म्हणून स्पष्ट लिहितो, राग मानू नका. परंपरा म्हणून मजा आहे, मान्य. पण "आपले पूर्वज शहाणे होते, साथीच्या रोगावर उपाय म्हणून हे सुरू केलं" असं जे व्हॉट्सॲपवर फिरतं ते मला अजिबात पटत नाही. प्लेग मुंबईत आला १८९६ ला आणि त्यानंतर महाराष्ट्रात लोक खरंच गाव सोडून माळावर झोपड्यांत राहिले, पण ते घरात उंदीर मरून पडायला लागले की निघायचे आणि साथ सरेपर्यंत परतायचे नाहीत. तीन रात्रींत कुठली साथ जाते? आणि साथ टाळायची तर गुरं, कुत्री, आजारी माणसं सगळ्यांना एकत्र दाटीवाटीने कोण ठेवेल? विज्ञान मागून चिकटवलेलं आहे. श्रद्धा आहे तर श्रद्धा म्हणा ना सरळ.

दुसरं. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रथेला लागत नाही, इथे कोणाला मारहाण नाही की कोणी भोंदू पैसे उकळत नाही. पण न येणाऱ्याला वाळीत टाकायची भाषा कोणी केली तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. तिथपर्यंत जाऊ नये हे खरं, तरी माहिती असावी. बाळाला सर्दी कफ असेल तर सरळ ठाण्यात राहा, डॉक्टरांनी नाही म्हटलं एवढं सांगा. देवाच्या कौलापुढे डॉक्टरचा कौल हल्ली सासवाही मानतात.

अक्कलकोटची_मावशी
अगं तू सोलापूरची ना, मग तुला हे नवीन कसं? आपल्याकडे मरीआईचा गाडा नाही का काढत आषाढात, पटकी गावात येऊ नये म्हणून देवीला गाड्यात बसवून, हिरवा चुडा नि खण घालून, वाजतगाजत वेशीपलीकडे नेऊन सोडायचं. आपण बला बाहेर घालवतो, कोकणात माणसंच बाहेर जातात, एवढाच फरक. वेस हीच खरी. आमच्या लहानपणी गाडा परतताना मागे वळून बघायचं नाही म्हणून आजोबा आमच्या माना धरून चालवायचे, त्यात माझा धाकटा भाऊ ओढ्यात पडला होता. ☺

बाळासाठी सांगते, विळी बिळी राहू दे, माळावर उघडी विळी नकोच, कोणाच्या तरी पायाला लागेल. सासूबाईंना रोज संध्याकाळी मीठमोहरीने दृष्ट काढू दे, त्यांचं समाधान, आणि मिरच्या मात्र बाळापासून लांब चुलीत टाका, ठसका लागतो. कानटोपी दोन घे.

आचऱ्याची_सून
सगळ्यांना खूप खूप थँक्यू, किती छान लिहिलंय सगळ्यांनी. मावशी, गाडा माहितीये हो पण तो कधी जोडून बघितला नव्हता डोक्यात. आज नवऱ्याला बसवून विचारलं तर तो म्हणे लहानपणी वेशीबाहेरून रात्री गावाकडे बघायचो, एक दिवा नाही, आणि आम्ही पोरं पैज लावायचो की कोण पुलापर्यंत जाऊन येतो. गेला का कोणी? तर नाही, एकही नाही. आणि हा माणूस मला हसतो!

डॉक्टरांशी बोलले, बाळ ठणठणीत आहे, थंडीची काळजी घेऊन न्या म्हणाले. सासूबाईंशी असं ठरलं की दोन रात्री झोपडीत, जास्त गारठा झाला तर मी आणि बाळ कणकवलीला नणंदेकडे, कणकवली वेशीबाहेरच आहे त्यामुळे देवालाही चालेल असं त्यांचंच म्हणणं. शंकेखोर, कायद्याची वेळ येणार नाही पण माहिती नवऱ्याला फॉरवर्ड केलीये. 😄

आता एवढंच सांगा, तिथे दूध, डायपर वगैरे मिळतं का आसपास?

वेंगुर्ल्याचा_पाव्हणा
आचऱ्याची बाजारपेठ त्या दिवसांत पूर्ण बंद, दुकानदारही तुमच्याच शेजारच्या झोपडीत. डायपर, औषधं, गरम पाण्याचा थर्मास कणकवलीत उतरल्यावरच घ्या. दुधाची चिंता नको, गाय बरोबरच असेल कोणाची तरी. आणि पॉवर बँक आणा दोन, एक तुमची, एक मागायला येणाऱ्या पोरांसाठी.

रापणकर
आनी ओडोमॉस!!