मे महिन्यात युरोपची क्रूझ: कुठला मार्ग, व्हिसा कुठल्या देशाचा?

तिसरं_गेट (टिळकवाडी)

मंडळी, पुढच्या मे महिन्यात ७ रात्रींची क्रूझ करायची आहे. माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगी (वय १०), आई (वय ७१, गुडघ्यांमुळे जिने चढवत नाहीत), गडहिंग्लजचा धाकटा भाऊ आणि वहिनी. सगळे शाकाहारी. आई कांदा-लसूण खात नाही.

दोन मार्ग बघून ठेवलेत.
अ) बार्सिलोना – मार्सेलिस – जेनोआ – चिवितावेक्किया (रोम) – नेपल्स – बार्सिलोना
ब) 'व्हेनिस' – कोटोर – सँटोरिनी – मिकोनोस – 'व्हेनिस'

जाहिरातीत माणशी ७०-७५ हजार दिसतात, तेवढ्यात भागतं का? व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? आणि बेळगावातून विमान कसं बसवायचं?

खडेबाजार

आईंचे गुडघे बघता 'अ'. त्यात फार विचार करण्यासारखं काही नाही.

'अ' मधल्या सगळ्या बंदरांत मोठं जहाज थेट धक्क्याला लागतं आणि उताराच्या पुलावरून चालत बाहेर पडता येतं. सँटोरिनीला जहाज समुद्रातच उभं राहतं. तिथून छोट्या होडीत उतरायचं, मग वर गावात जायला केबल कार, नाहीतर सुमारे ६०० पायऱ्या. चार जहाजं एकाच दिवशी आली की केबल कारची रांगच तास-दीड तास खाते. होडी हलत असली तर चाकाची खुर्ची तिच्यात घेतच नाहीत.

'व्हेनिस' तुम्ही अवतरणात लिहिलंत ते बरोबर केलंत. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांवरच्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे जाहिरातीतलं व्हेनिस म्हणजे कधी मार्गेरा, कधी त्रिएस्ते, तर कधी रावेन्ना. शेवटची दोन्ही वेगळी शहरं आहेत आणि व्हेनिसपासून गाडीने दोन तासांच्या आसपास. तिकिटावर बंदराचं नाव वाचा, शहराचं नाही. चिवितावेक्कियाचंही तेच, रोम तिथून ७०-८० किलोमीटर.

तिसरं, ग्रीसने जुलै २०२५ पासून क्रूझ प्रवाशांवर उतरण्याचा कर लावलाय. जून ते सप्टेंबरात सँटोरिनी आणि मिकोनोसला माणशी २० युरो. मे महिन्यात दर कमी असतो, पण लागतोच.

शिक्का_आणि_सही (शहापूर)

व्हिसाचं नीट समजून घ्या, गाडी अडते ती इथेच.

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मागायचा तो ज्या देशात जास्त दिवस आहेत त्याच्याकडे. दिवस सारखे निघाले तर पहिला प्रवेश जिथे त्याच्याकडे. 'अ' मध्ये इटलीची बंदरं तीन दिसतात, पण जहाजाच्या आधी बार्सिलोनात दोन रात्री आणि नंतर एक रात्र हॉटेल घेतलंत तर पारडं स्पेनकडे झुकतं. म्हणून आधी हॉटेलच्या रात्री ठरवा, मग अर्ज. सोबतच्या पत्रात रोजचा तक्ता द्या: तारीख, बंदर, देश, मुक्काम जहाजावर की हॉटेलात. क्रूझच्या अर्जात हा तक्ता नसला की खिडकीवरच प्रश्न सुरू होतात.

'ब' घेतलात तर कोटोर मॉन्टेनेग्रोत, म्हणजे शेंगेनच्या बाहेर. तिथून ग्रीसला परत येणं हा दुसरा प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर जहाज कंपनी चढूच देणार नाही. अर्जात 'मल्टिपल एन्ट्री' मागायची आणि कारण लिहायचं. (क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे दुब्रोव्हनिक, स्प्लिटची अडचण आता उरली नाही.)

फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५. व्हीएफएसची (वकिलातींसाठी अर्ज घेणारी कंपनी) सेवा फी वेगळी. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून चालतो. निकालाला साधारण १५ दिवस, ताणलं तर ४५. मे महिन्यासाठी जानेवारीतच वेळ घ्या, मार्चमध्ये तारखा मिळणं मुश्कील.

आता आपल्या भागातला घोळ. तुमचा पत्ता कर्नाटकातला, भावाचा महाराष्ट्रातला. बऱ्याच देशांच्या वकिलातींची हद्द राहत्या पत्त्यावर असते. एकच घर, एकच जहाज, तरी तुमची फाईल एका वकिलातीकडे आणि त्यांची मुंबईकडे जाऊ शकते. काही देश भारतातलं कुठलंही केंद्र चालवून घेतात. त्या देशाच्या व्हीएफएस पानावर आधी बघा आणि दोन्ही फायलींत तक्ता शब्दशः एकच ठेवा.

कागद: सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट (बँकेच्या शिक्क्यासह), तीन वर्षांचे आयटीआर, ३०,००० युरोंचा प्रवास विमा (संपूर्ण शेंगेनसाठी), दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर किमान ३ महिने चालणारा पासपोर्ट. उत्पन्न शेतीचं असेल तर आपल्याकडचा पहाणी उतारा (सातबाऱ्यासारखाच) कन्नडमध्ये असतो आणि गडहिंग्लजचा सातबारा मराठीत. दोन्हींचं इंग्रजी भाषांतर जोडा. नावाचं स्पेलिंग बघा. आधारवर कन्नडवरून आलेलं एक, शाळेच्या दाखल्यावर मराठीवरून आलेलं दुसरं, असं आपल्याकडे सर्रास असतं. क्रूझ, विमान, विमा, सगळीकडे पासपोर्टवरचंच स्पेलिंग. जन्मठिकाण 'बेळगाम' की 'बेळगावी' याची काळजी नको, २०१४ च्या आधीच्या कागदांवर जुनंच असणार.

व्हिसा हातात येईपर्यंत परतावा न मिळणारं काहीही घेऊ नका.

उद्यमबाग_हिशेब

७०-७५ हजार हे आतल्या, बिनखिडकीच्या केबिनचं भाडं, तेही दोघांनी एक केबिन घेतली तर. त्यात बंदर कर धरलाय का ते आधी विचारा. टिप वेगळी. ती रोज माणशी साधारण १०-१५ युरो आपोआप खात्यावर चढते, सहा माणसं गुणिले सात रात्री करून बघा. पाण्याच्या बाटल्या, कोल्ड्रिंक, इंटरनेट, सहली, सगळं वेगळं. विमान, व्हिसा, हॉटेल धरून एकूण खर्च क्रूझ भाड्याच्या तिप्पट धरलात तर तोंडावर पडणार नाही. एजंटकडून पॅकेज घेतलंत तर टीसीएसही (एजंटने आधीच वसूल केलेला आयकर) लागतो. तो २६एएस मध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या कराच्या उताऱ्यात) दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो.

केबिन: आई एकट्या राहिल्या तर जवळजवळ दोघांचं भाडं भरावं लागतं. त्यापेक्षा आई आणि नात एका केबिनमध्ये, तुम्ही दोघं शेजारच्या. नातीला तुमच्या केबिनमध्ये तिसरं म्हणून घातलं तर तिचं भाडं नाममात्र पडतं, पण मग आईंचं दुप्पट, म्हणजे वाचत काहीच नाही. केबिन मधल्या भागात, लिफ्टजवळ, खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हलणं कमी जाणवतं. मार्सेलिसच्या आसपास मिस्त्राल वारा सुटला की मोठं जहाजही डुलतं. पोहण्याच्या तलावाच्या थेट खालची केबिन नको, पहाटे खुर्च्या ओढतात.

जहाजावरच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्डावर ते रक्कम रोखून धरतात आणि ती सुटायला दिवस जातात. कार्डाचा परदेशी वापर इथूनच चालू करून जा. जहाज सुटलं की फोन फ्लाईट मोडवर टाका. समुद्रातलं नेटवर्क उपग्रहाचं असतं, साध्या रोमिंग पॅकमध्ये ते सहसा बसत नाही.

तिसरं_गेट

पटलं, 'अ' ठरलं. आईच्या जेवणाचं काय? चिवडा, चटणी, थोडा कुंदा घेऊन जावं म्हणतेय ती.

अनगोळची_अक्का

कुंदा घरीच ठेवा वो. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. कुंदा, पेढे, खव्याचे मांडे, तूप, सगळं त्यात आलं. कढीपत्ता, हापूस हेही नको, ताज्या फळभाज्यांना रोगमुक्तीचा दाखला लागतो. शेंगदाण्याची चटणी, चिवडा, कडक भाकरी, मेतकूट चालतं, बंद पाकिटात. केबिनमध्ये इलेक्ट्रिक किटली आणि इस्त्री मात्र बहुतेक जहाजं चढतानाच काढून ठेवतात.

जेवण बुकिंगच्या वेळीच लिहून द्या: 'जैन' असा शब्द वापरा, 'कांदा-लसूण नाही' हे त्यांना पुरतं कळत नाही. पहिल्या संध्याकाळी मुख्य भोजनगृहाच्या प्रमुखाला भेटून पुन्हा सांगा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचं जेवण आदल्या रात्री ठरतं. बुफेत 'व्हेजिटेरियन' पाटीखालच्या सूपमध्ये कांदा असतोच, चीजमध्येही प्राण्याचं रेनेट (दूध गोठवायला वापरतात ते) असू शकतं. आईंना फळं, उकडलेला बटाटा, भात, दही हमखास मिळतं.

खडेबाजार

विमानाचं राहिलं. सांबऱ्याहून (बेळगावचा विमानतळ) फक्त देशांतर्गत उड्डाणं आहेत. बेळगाव-मुंबई किंवा बेळगाव-बंगळूर वेगळ्या तिकिटावर घेऊन त्याच दिवशी परदेशी विमान धरू नका. पहिलं उशिरा आलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही. आदल्या दिवशी पोचा. बंगळूरला राणी चन्नम्मा एक्स्प्रेस रात्रीची आहे, वंदे भारतही सुरू झालीय. भाऊ-वहिनींना पुण्यावरून मुंबई सोपं, पण तिकडे बार्सिलोनात एकत्र पोचायचं तर सगळ्यांनी मुंबईच बरी. जहाज सुटण्याच्या दिवशी युरोपात उतरायचं तर अजिबात नको.

तारखा मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातल्या बघा. आपल्या शाळा मेअखेर उघडतात, महाराष्ट्रातल्या जूनमध्ये, त्यामुळे घाई आहे ती तुमच्याच मुलीची.

रोमचा दिवस: चिवितावेक्किया स्टेशनवरून रोमा सान पिएत्रोला लोकल गाडीने तासाभरात. तिथून व्हॅटिकन चालत पंधरा मिनिटं, आईंसाठी टॅक्सी. त्या दिवशी रविवार पडत असेल तर व्हॅटिकन संग्रहालय बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून). कागदी तिकीट असेल तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारूनच गाडीत चढा, नाहीतर दंड. जहाजावर परतायची वेळ सुटण्याच्या अर्धा-एक तास आधीची असते, तुम्ही त्याच्याही दोन तास आधी बंदरात या. स्वतःच्या सहलीवर गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही, कंपनीच्या सहलीची बस अडकली तर थांबतं. आई बरोबर आहेत म्हणून रोमपुरती कंपनीची बस घ्या. जेनोआत मात्र पैसे घालवू नका, धक्का प्रिन्चिपे स्टेशनच्या जवळच आहे.

मार्सेलिस म्हणजे १९१० साली सावरकरांनी बोटीतून उडी घेतली तेच. पण क्रूझचा धक्का शहरापासून आठ-दहा किलोमीटर लांब आहे, जुन्या बंदरापर्यंत शटल बस घ्यावी लागते. तिचं तिकीट जहाजावर आदल्या रात्रीच काढून ठेवा.