समुद्रकाठच्या हॉटेलातील गुपिते आणि आपल्या वाचनालयाचे कपाट

जळगावच्या वाचक:
उन्हाळ्याच्या ग्रंथखरेदीच्या वेळी आमच्या वाचनालयात एका अनुवादित कादंबरीवरून वाद झाला. वडिलांच्या निधनानंतर समुद्रकाठचे जुने हॉटेल चालवायला परतलेली मुलगी, दरवर्षी त्याच खोलीत उतरणारी एक वृद्ध स्त्री, मुक्कामाच्या नोंदवहीतून फाडलेले एक पान आणि दुरुस्तीसाठी आलेल्या सुताराशी जुळत जाणारे प्रेम, असे तिचे कथानक आहे. सुट्टीत वाचून विसरायची पुस्तके सार्वजनिक पैशातून घेऊ नयेत, असे काही सभासदांचे म्हणणे पडले. मला ते मुळीच मान्य नाही. आपल्या गल्लीत कोणाकडे कोण पाहुणा उतरला हे संध्याकाळपर्यंत सर्वांना ठाऊक होते. गुपित टिकायचे तर एकमेकांना न ओळखणारी माणसे एका छपराखाली राहतील अशी जागा लागते, आणि हॉटेल ही तशी जागा आहे. ती लेखिकेने सोयीसाठी निवडलेली नाही, कथेचा सांगाडाच तिच्यावर उभा आहे.

धुळ्याचे वाचक:
ताई, जागेबद्दल माझी तक्रार नाही, माझा आक्षेप लेखनातील लबाडीवर आहे. ही कादंबरी नायिका स्वतः सांगते. नोंदवहीतील पान कोणी फाडले हे तिला पहिल्या पानापासून माहीत असते, तरीही केवळ उत्कंठा ताणण्यासाठी ती ते अर्ध्याहून अधिक पुस्तकभर वाचकापासून लपवते. इतिहासाचार्य राजवाडे यांचे 1926 मध्ये आमच्या धुळ्यातच निधन झाले. त्यांनी 1902 मध्ये ‘कादंबरी’ हा निबंध लिहून या वाङ्मयप्रकाराची गांभीर्याने चिकित्सा केली होती. तेव्हापासून मराठी वाचकाने कादंबरीकडून काही अपेक्षा ठेवायला शिकले पाहिजे होते. रंजन हवेच, पण ते वाचकाला फसवून नको.

भुसावळच्या शिक्षिका:
मी धुळ्याच्या सरांशी सहमत आहे, मात्र माझे कारण वेगळे आहे. या हॉटेलात रोज चादरी बदलणारी एक बाई आहे. ती अनेक प्रकरणांत येते, चहा ठेवते, दार लावून घेते आणि निघून जाते. मालकिणीला गुपित आहे, पाहुण्यांना आहे, सुतारालाही आहे. या बाईला मात्र एकही नाही. खोल्यांमध्ये सर्वांत अधिक वावर जिचा, तिने काहीच पाहिलेले नसावे, हे मला पटत नाही. लेखिकेला समुद्र दिसला, पण तिथे राबणारी माणसे दिसली नाहीत.

जळगावच्या वाचक:
चादरी बदलणाऱ्या बाईबद्दलचा आक्षेप रास्त आहे आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. परंतु सर, लबाडीच्या आरोपाविषयी मला सविस्तर बोलायचे आहे. नायिका रोज रात्री किल्ल्यांच्या फळीसमोर उभी राहून किल्ल्या मोजते आणि प्रत्येक वेळी एका खोलीची किल्ली गाळून पुढे जाते. पहिल्या वाचनात ते ध्यानात येत नाही. दुसऱ्या वाचनात कळते की ती वाचकापासून नव्हे, स्वतःपासून तोंड लपवत होती. खिडकीचा प्रसंगही पाहा. खाऱ्या वाऱ्याने बिजागऱ्या गंजल्या आहेत, सुतार चौकट उतरवतो, ती खालून आधार देते, आणि कोणते लाकूड दमट हवेत फुगत नाही याखेरीज दोघे काहीही बोलत नाहीत. तरीही त्या पानानंतर त्यांच्यातील प्रेमाविषयी शंका उरत नाही. इतका संयम गंभीर म्हणवणाऱ्या अनेक कादंबऱ्यांतही मला आढळलेला नाही.

शहाद्याचे ग्रंथपाल:
थोडे व्यवहाराचे बोलतो. महाराष्ट्रात 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार मान्यता आणि अनुदान मिळते, आणि आमच्यासारख्या लहान वाचनालयाला त्या पैशात सर्व वयांच्या सभासदांचा विचार करावा लागतो. मे महिन्यात दुपारी घराबाहेर पडणे अशक्य होते, तेव्हा अशाच पुस्तकांना मागणी असते. एक प्रत अवश्य घ्यावी. दोन घेऊ नयेत, कारण पुढच्या वर्षी वाचकांना नवे हॉटेल हवे असते.

धुळ्याचे वाचक:
किल्ल्यांचा प्रसंग मी पुन्हा वाचला. तो उत्तम आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पण शेवटच्या प्रकरणात वृद्ध स्त्रीचे पत्र सापडते आणि किल्ल्यांनी जे न बोलता सांगितले होते, तेच ते पत्र चार पाने समजावून सांगते. लेखिकेने तिथे वाचकावर विश्वास ठेवला नाही, म्हणून या पुस्तकाला माझा विरोध कायम आहे; या प्रकाराला नाही. कोकणात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, पर्यटक नसतात आणि पडवीला झापे बांधलेली असतात. त्या दोन महिन्यांत रिकाम्या हॉटेलात राहणाऱ्या माणसांची, चादरी बदलणाऱ्या बाईसकट, कादंबरी कोणी मराठीत लिहिली, तर तिच्या दोन प्रती घेण्याचा ठराव मी स्वतः मांडेन.