ध्वनियंत्र बंद असताना वँक्लिनने 'कॉन्ते रोस्सो' कसं बुडवलं?

गिरगावकर: दादरच्या वाचनालयात शनिवारी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश पाणबुडी कप्तान माल्कम वँक्लिनवर बोलायचंय. २४ मे १९४१ ला त्याच्या 'अपहोल्डर' पाणबुडीचं ध्वनियंत्र (पाण्यातून इतर जहाजांचे आवाज ऐकायचं यंत्र) बंद होतं, मग 'कॉन्ते रोस्सो' या इटालियन सैन्यवाहू जहाजावरचा हल्ला जमला कसा?

माझगाव_गोदी: सिसिलीजवळ उजेड मावळत होता, पेरिस्कोपमधून धड दिसेना, वर यावं तर विनाशिका लगेच टिपणार. तरी पठ्ठ्या अगदी जवळ भिडला. एक विनाशिका जवळजवळ अंगावरच आली, तिला चुकवून टॉर्पेडो सोडले. मग २० मिनिटांत ३७ डेप्थ चार्ज (पाणबुडीवर टाकायचे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब), आणि विनाशिका कुठे आहेत हे ऐकायची सोय नाही! व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, याचसाठी.

कुलाबा_दांडी: साहेब, त्याच वर्षीचा १८ सप्टेंबरही घ्याच. जायरो कंपास (वेगाने फिरणाऱ्या चाकावर चालणारं, स्थिर दिशा दाखवणारं होकायंत्र) बिघडलेला. चुंबकीय होकायंत्रावर पाणबुडीचं नाक सारखं डावी-उजवीकडे जायचं. त्याने ते झोके हिशेबात धरून चार टॉर्पेडो सोडले. इटालियन सैन्यवाहू जहाज 'नेपच्यूनिया' बुडालं, सोबतचं जायबंदी 'ओशियानिया' नंतर. वँक्लिनचा जन्म कलकत्त्याचा, तेही सांगा.